येळवशीचा नारळ कुणी फोडायचा?

प्रश्न असा आला आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका गावातला सव्वीस वर्षांचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी त्याने बाप्तिस्मा घेतला. घरात तो एकटाच विश्वासणारा. वडील म्हणतात, यंदा येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या शेतातल्या सणाला, कोपीतली (कडब्याच्या खोपीतली) पूजा तूच करायची आणि नारळ तूच फोडायचा, जमत नसेल तर घरात पाय ठेवायचा नाही. आई ताट वाढते, पण बोलत नाही. चुलत्यांनी शेताकडे जाणारी पाणंद काटे टाकून अडवली आहे. शहरातल्या एका तरुण उपदेशकाने त्याला सांगितलं, "तडजोड नको, घर सोड." आणि हा विचारतो, "विश्वासात टिकून कसं राहू?"

मी पस्तीस वर्षं जालना, बीड, लातूर या पट्ट्यात पाळक म्हणून काढली. आता निवृत्त आहे. उत्तर लांबेल, कारण असे प्रश्न मी ओसरीवर, बैलगाडीत, एकदा तर पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून ऐकले आहेत आणि काही वेळा चुकीची उत्तरंही दिली आहेत.

भाऊ, आधी तुमचा प्रश्न फोडून घेऊ. "येळवस पाळायची की नाही" असा एकच प्रश्न तुमच्यापुढे नाही, त्यात चार आहेत. शेतात जायचं का? कोप बांधायची का? जेवायचं का? आणि पूजा करून नारळ फोडायचा का? पहिल्या तिघांना "नाही" म्हणालात, तर चौथ्या "नाही"ला घरात काही किंमत उरणार नाही. तुमच्या वडिलांना एवढंच दिसेल की पोरगं सगळ्यालाच नाही म्हणतंय.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. शेतात जा. आदल्या दिवशी कडबा वाहा, कोप बांधायला वडिलांच्या आधी हजर राहा, पाण्याची घागर तुम्ही उचला. ज्वारी निसवलेली असते, हरभरा घाट्यावर आलेला असतो. त्या पिकासाठी देवाचे आभार मानायला ख्रिस्ती माणसाला कुणाची आडकाठी आहे? पूजेची वेळ आली की दोन पावलं मागे, हात जोडून न घेता पण मान ताठ न करता, शांत उभे राहा. नारळ फोडायचा नाही. तिथे मात्र हलायचं नाही.

जेवणाचं जरा नाजूक आहे. पौलाने करिंथच्या मंडळीला पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात लिहिलं आहे की कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्यासाठी ते खाऊ नका. आता येळवशीची आंबील आणि भज्जी कुठून येते हे गावात कुणी कुणाला सांगायची गरज नसते. आमच्या मंडळ्यांत यावर दोन मतं आहेत आणि दोन्हीकडे प्रामाणिक माणसं आहेत. मी लोकांना एकच युक्ती सांगत आलो. आदल्या रात्री आईजवळ जाऊन बसायचं आणि म्हणायचं, "माय, माझं ताट नैवेद्य दाखवायच्या आधी बाजूला काढून ठेव. तुझ्या हातची भज्जी मला पाहिजेच." बोलणं बंद असलेल्या घरात हे वाक्य काय काम करतं ते मी पाहिलं आहे. आईला कळतं की पोराने देव बदलला, चूल सोडलेली नाही.

यात माझी पदरची हुशारी काही नाही. दानीएलचं पुस्तक पुन्हा वाचा, पण सिंहांच्या गुहेपासून नको, पहिल्या अध्यायापासून. बाबेलच्या लोकांनी त्याला त्यांची भाषा शिकवली, तो शिकला. त्यांचं वाङ्मय शिकवलं, तेही शिकला. त्याचं नावच बदलून बेल्टशस्सर ठेवलं, त्यावरही तो अडून बसला नाही. राजाच्या नोकरीत राहिला. अडला तो एका ताटावर. आणि तिथेही त्याने ताट भिरकावलं नाही. कारभाऱ्याला विनंती केली, दहा दिवस पारख करून पाहा म्हणाला. पुढे म्हातारपणी प्रार्थनेवर बंदी आली तेव्हा त्याने गच्चीवर जाऊन घोषणा दिल्या नाहीत. नेहमीच्या खिडकीशी, नेहमीसारखा, दिवसातून तीनदा गुडघे टेकले. अडून राहण्याच्या जागा त्याने मोजक्याच ठरवल्या होत्या, आणि त्या आधीच ठरवल्या होत्या. तुम्हीही कागद घ्या आणि लिहा. माझ्याकडे आलेल्या बहुतेकांच्या यादीत शेवटी तीनच गोष्टी उरतात: मूर्तीपूजा स्वतःच्या हाताने करणार नाही, येशूला नाकारणार नाही, उपासना सोडणार नाही. यादी पंधरा गोष्टींची झाली, तर समजा की त्यातल्या बारा तुमच्या उपदेशकाच्या आहेत.

त्या तरुण उपदेशकाला २ राजे, पाचवा अध्यायही दाखवा. अरामाचा सेनापती नामान बरा झाला, इस्राएलच्या देवाशिवाय कुणाला होमबली वाहणार नाही म्हणाला, आणि लगेच अलीशाला विचारतो की माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, याची मला क्षमा होईल ना? अलीशा काय म्हणाला? "शांतीने जा." मोठं भाषण नाही. नव्या विश्वासणाऱ्याच्या अडचणीपुढे संदेष्टा दोन शब्दांत थांबला, आणि आम्ही पाळक दोन तास थांबत नाही.

आता वडिलांकडे येऊ, कारण खरा विरोध तिथे आहे. त्यांना येशूची फारशी चीड असेल असं मला वाटत नाही. मराठवाड्यातला बाप पोराच्या बाप्तिस्म्याने हादरतो तो एका भीतीने. माझ्या माघारी खांदा कोण देणार, पाणी कोण पाजणार? हा प्रश्न ते उघड विचारणार नाहीत, नारळाच्या रूपाने विचारतील. म्हणून येळवशीच्या आठ-दहा दिवस आधी, भावकी नसताना, एकट्या वडिलांना गाठा. शेतावर, जागलीला गेलात तर उत्तम. अंधारात बोलणं सोपं जातं, तोंड दिसत नाही. "आण्णा, खांदा मी देणार. दवाखान्यात उशाशी मी बसणार. तुमची जमीन विकणार नाही. फक्त नारळ माझ्या हातून नको, धाकट्याच्या हातून होऊ द्या." त्या दिवशी, सगळ्या पाहुण्यांसमोर, नकार दिलात तर ते ऐकणार नाहीत. कारण मग तो तुमच्या विश्वासाचा प्रश्न राहत नाही, त्यांच्या पटक्याचा होतो.

खांद्यावरून आठवलं. बीडकडचा एक विश्वासणारा, चार भावांत थोरला. वडील वारले. आमच्यातल्याच काहींनी त्याला सांगितलं होतं, अंत्यविधीला उभा राहू नको. तो माझ्याकडे पळत आला. मी म्हणालो, जा, लाकडं तू रच, तिरडीला पुढचा खांदा तुझा. अग्नी देण्यावर आमच्यात मतभेद आहेत. माझ्या मते देह जाळणं किंवा पुरणं ही मृताची व्यवस्था आहे, पूजा नव्हे. पिंडदान आणि दहाव्याचे विधी वेगळे, ते त्याने धाकट्याला करू दिले. तेरा दिवस मात्र तो घरातून हलला नाही. आल्यागेल्याला चहापाणी, दूर गावच्या पाहुण्यांना गाडीवर बसवून फाट्यापर्यंत सोडणं, सगळं त्याने केलं. सहा महिन्यांनी त्याच्या चुलत्याने मला रस्त्यात थांबवलं. "तुमचा येशू बापाला विसरायला लावतो म्हणत होते. तसं काही दिसलं नाही," एवढंच बोलला आणि गेला. त्या घरात आणखी कुणी विश्वासात आलं का, असं विचाराल. नाही आलं. पण त्याला पुन्हा कुणी छळलंही नाही.

इथे माझ्या स्वतःच्या मूर्खपणाचं सांगणं भाग आहे. नवीन पाळक असताना मी दोन पोरं घेऊन एका जत्रेत गेलो, भोंगा लावला आणि लोकांच्या दैवताबद्दल नको ते बोललो. दगड आले, सायकल मोडली, कपाळाला तीन टाके पडले. रविवारी पट्टी बांधून मी मत्तयाच्या पाचव्या अध्यायावर संदेश दिला, धार्मिकतेसाठी छळ झालेले ते धन्य! उपासनेनंतर मंडळीतली एक म्हातारी जवळ आली. लिहिता-वाचता येत नव्हतं तिला. "पास्टर, ते दगड येशूसाठी नव्हते पडले. तुमच्या तोंडासाठी पडले." पेत्राने पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात नेमकं हेच लिहिलं आहे: खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून दुःख सोसावं लागू नये, ख्रिस्ती म्हणून सोसावं लागलं तर लाज वाटू देऊ नये. ढवळाढवळ करणाऱ्याला त्याने चोराच्या पंक्तीत बसवलं आहे, हे मला टाके पडेपर्यंत दिसलं नव्हतं.

कायद्यानेही ते चूक आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ धार्मिक भावना मुद्दाम दुखावण्याबद्दल आहे, आणि ते तुमच्यावरही लागू शकतं. भोंग्याला लेखी परवानगी लागते. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण गोळ्या बंद करा असं चुकूनही म्हणू नका. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून रोखणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते पाप होतं.

मग खरा विरोध आला तर? पहिली गोष्ट, पाणंद. हा धर्माचा वाद म्हणून लढू नका. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा की वहिवाटीचा रस्ता अडवला आहे. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. तारखेनिशी फोटो ठेवा, शेजारच्या शेतकऱ्यांचे जबाब मिळवा, त्यांचीही बैलं त्याच रस्त्याने जात असतील. आणि अर्जावर सही वडिलांची घ्या, सातबारा त्यांचाच असेल. काटे तुमच्यासाठी टाकलेत, पण रस्ता त्यांचाही अडला आहे. बापलेक एका कागदावर आले, तर चुलत्यांचा अर्धा जोर तिथेच ओसरतो.

दुसरी गोष्ट, वाळीत टाकणं. दुकानदाराने सामान न देणं, पिठाची गिरणी बंद करणं, लग्नाला न बोलावण्याचा गावात निर्णय करणं, अशा गोष्टींवर आपल्या राज्यात वेगळा कायदा आहे, सामाजिक बहिष्कारापासून संरक्षणाचा, २०१६ चा, ३ जुलै २०१७ पासून लागू झालेला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गावात तो फारसा कुणाला माहीत नसतो, कधी ठाण्यातही नसतो, म्हणून छापील प्रत खिशात ठेवून जा. हक्क मागणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं तुम्हाला कुणी सांगेल. पौलाला फिलिप्पैत फटके मारून कोठडीत टाकलं आणि सकाळी गुपचूप सोडून द्यायला निघाले, तेव्हा तो म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. पुढे त्याने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. दिमिष्कात (दमास्कसमध्ये) मात्र तोच पौल रात्री पाटीत बसून तटावरून खाली उतरला. कधी अर्ज, कधी पाटी. जिवावर बेतलं तर दोन महिने पाहुण्यांकडे जाण्यात कमीपणा नाही. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी जा, हे येशूनेच सांगितलं आहे.

गावाशी बोलताना परदेशातले दाखले कशाला लागतात? वाळीत टाकणं म्हणजे काय हे या मातीला पुरेपूर माहीत आहे. आपेगावच्या विठ्ठलपंतांच्या लेकरांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं होतं, ही गोष्ट तुमच्या चुलत्यांना तुमच्यापेक्षा चांगली येते. आणि त्याच पैठणला गोदावरीत स्नान करून येणाऱ्या एकनाथांवर एकजण पुन्हा पुन्हा थुंकला आणि ते न रागावता पुन्हा पुन्हा स्नानाला गेले, एकशे आठ वेळा असं सांगतात. मी हे उपासनेत सांगतो तेव्हा काहींच्या भुवया उंचावतात. उंचावू देत. शत्रूवर प्रीती करा हे वाचून दाखवणं सोपं असतं. नाथांची गोष्ट सांगितली की समोरच्या वारकऱ्याला कळतं की हा माणूस काय पाळायचा प्रयत्न करतोय. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक म्हणत असत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो.

टिळकांचा विषय निघाला तर घर सोडण्याचं बोलू. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला १९०० साली. मधली पाच वर्षं त्या घराने काय सोसलं ते लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त स्वतः लिहिलं आहे, आणि हसत लिहिलं आहे. आपल्याकडच्या कुठल्याही विश्वासणाऱ्याने ते वाचावं, मुख्यतः ज्याच्या घरात अजून कुणी विश्वासात नाही त्याने. नवऱ्याच्या बाजूची वेदना सगळे सांगतात. मागे राहिलेल्या माणसाला काय होतं, ते तिथे कळतं. तुमच्या आईचं न बोलणं मला त्या पानांमधून समजलं.

दुसरी वाट जालन्याची. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याच्या धाकट्या भावाला, श्रीपतला, अल्पवयीन म्हणून न्यायालयाने बापाच्या ताब्यात दिलं, आणि त्याला जातीत परत घ्यावं की नाही यावर मोठं वादळ उठलं. हे नारायणराव पुढे जालन्याला आले आणि जवळच त्यांनी बेथेल नावाचं गावच वसवलं. गावकीने हाकललेल्यांना छप्पर मिळालं, जमीन मिळाली, शाळा मिळाली. त्याची गरज होती, नाही म्हणणार नाही. पण आमचं निम्मं दुखणंही अशाच वसाहतींतून आलं असं मला वाटतं. वेगळी वस्ती झाली की शेजारी आपल्याला ऐकून ओळखतो, पाहून नाही. हाकललं तर निघावं. हाकलण्याआधी आपण होऊन निघू नये.

कागदांचं थोडक्यात, कारण पुढच्या वेळी तुम्ही तेच विचारणार. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात परिच्छेद ३ आहे. आधी फक्त हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध, एवढ्यांनाच तो दर्जा मिळतो. ख्रिस्ती झालेल्याला नाही. हा अन्याय आहे असं मी मानतो, कारण बाप्तिस्म्याच्या पाण्याने गावाच्या नजरेतली जात धुतली जात नाही. पण म्हणून मंडळीत एक नाव आणि तहसीलमध्ये दुसरं, असं जगत असाल तर आतून पोखरले जाल. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की मनात विश्वास नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म सांगणं ही संविधानाची फसवणूक आहे. ज्यांनी लेकरांच्या फीसाठी कागद जुनाच ठेवला त्यांना मी दारातून कधी परत पाठवलं नाही. फक्त बाप्तिस्म्याआधी प्रत्येकाला हे समोर बसवून सांगितलं, की किंमत ही आहे. नंतर कळण्यापेक्षा बरं.

आणि समजा, सगळ्यांनी गराडा घातला, आई रडली आणि तुम्ही नारळ फोडलाच, तर? हे मुद्दाम लिहितो, कारण असे लोक लाजेने मंडळीत यायचेच बंद होतात आणि आपण त्यांना विरोधकांनी नेलं म्हणतो. इ.स. २५० मध्ये रोमी सम्राट देकियसने सगळ्यांना देवतांपुढे बळी देऊन दाखला घ्यायला लावला. हजारो ख्रिस्ती फिरले. काहींनी बळी दिला, काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. छळ थांबल्यावर कार्थेजच्या मंडळीत प्रश्न उभा राहिला, यांचं काय करायचं? सिप्रियान तिथला बिशप. त्याने त्यांना लगेच मिठी मारली नाही आणि दारही बंद केलं नाही. पश्चात्तापाचा काळ ठरवला आणि परत घेतलं. आणि त्याच्याही आधी, स्मुर्णाचा म्हातारा बिशप पोलिकार्प विश्वासासाठी मारला गेला त्या वृत्तांतात एक क्विंतस येतो. तो आपण होऊन पुढे धावला, मला पकडा म्हणाला, दुसऱ्यांनाही घेऊन गेला. श्वापदं पाहिल्यावर घाबरला आणि देवतांपुढे बळी देऊन मोकळा झाला. पोलिकार्प मात्र लोकांच्या सांगण्यावरून आधी एका मळ्यात जाऊन राहिला होता. टिकला तो. म्हणून "मी मरायला तयार आहे" असं सांगत फिरणाऱ्या पोरांची मला जास्त काळजी वाटते.

चुकलात तर दुसऱ्याच रविवारी या. पेत्राने तीनदा नाकारलं, आणि पुढे तळ्याच्या काठी येशू त्याला आणि सोबत्यांना काय म्हणाला? या, न्याहरी करा. कोळशाचा विस्तव पेटलेला होता, त्यावर मासळी होती. जाब नंतर विचारला, तोही प्रीतीबद्दल.

एकटे राहू नका, हे मी शेवटाकडे लिहितोय, पण माझ्या अनुभवात टिकलेल्या आणि गळालेल्या माणसांत हाच फरक सर्वात ठळक दिसला. मोबाईलवरचे संदेश ऐकून कुणी टिकलेलं मला आठवत नाही. तालुक्याच्या मंडळीत जाणं महिन्यातून एकदाच जमत असेल, तर आठवड्यातून एकदा दुसऱ्या एका विश्वासणाऱ्याबरोबर, भलेही एसटी स्टँडवरच्या चहाच्या गाड्यावर, अर्धा तास बसा. स्तोत्रं पाठ करा. पुस्तक फाडता येतं, पाठ केलेलं नाही. 'उपासना संगीत'मधली चार गाणी चालीवर बसवा आणि शेतात म्हणा. अभंगाची चाल ऐकून आई कान देईल.

येळवस मार्गशीर्ष अमावस्येला. तुमच्याकडे अजून वेळ आहे. आधी आईशी बोला, ताटाचं. वडिलांशी त्यानंतर, जागलीवर. आणि कडबा वाहायचा दिवस विचारून ठेवा, म्हणजे बैल जुंपायच्या आधी तुम्ही गोठ्यात असाल. पुढे काय झालं ते कळवा. काहीच घडलं नाही, तरीही कळवा.